टेपवाल्या भाऊजींना न आवडलेली पाच गाणी

कागदावर का होईना, जवळ सरक गं मुक्ता, अशी परक्यासारखी लांब काय बसतेस! दीड वर्ष झालं, तू अकोल्याला फिरकली नाहीस. अमरावती काय विलायतेत आहे? एसटीने दोन-अडीच तास. मावशी जिवंत आहे की गेली, हेसुद्धा तू फोनवरच विचारतेस. आणि टेपवाल्या भाऊजींचं नाव काढलं की फोनही ठेवतेस. म्हणून लिहायला बसले. कागद तरी मला मध्येच थांबवणार नाही.

भाऊजी गाणं ऐकायच्या आधी कूलर बंद करायचे. मे महिना, जठारपेठेतलं ते पत्र्याचं दुकान, आम्ही सगळे घामाने निथळतोय, आणि हे उठून बटण दाबणार. "घरघर गाण्यात मिसळते, वयनी. गार हवा पाह्यजे तं बाहेर निंबाखाली बसा." तुझ्या काकांचे, म्हणजे आमच्या ह्यांचे, ते दोस्त. आयुष्यभर टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, टेप संपले तेव्हा मिक्सर आणि पंखे दुरुस्त केले, पण रविवार सकाळची गाण्याची बैठक मोडली नाही. समोरचे रशीदचाचा शिलाईचं मशीन झाकून यायचे, पिठाच्या गिरणीवाली नलूताई भाजी निवडायला घेऊन यायची, मीही जायची.

बैठकीचा कायदा असा, की पूर्ण ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि संपल्यावर 'छान' म्हणायचं नाही. "छान म्हनजे मी ऐकलंच नाई," असं त्यांचं म्हणणं. आवडलं नाही तर कुठे आवडलं नाही ते बोट ठेवून सांगायचं, आणि तेही करणाऱ्याच्या तोंडावर. बार्शीटाकळीला सख्ख्या पुतण्याच्या वरातीत त्यांनी बँडवाल्यांना भर चौकात थांबवलं होतं. क्लॅरिनेट बेसूर आहे म्हणे. नवरदेव घोड्यावर उन्हात तळतोय, वरमाय दातओठ खातेय, आणि हे क्लॅरिनेटवाल्याला सूर देत उभे! पुतण्या दोन वर्षं बोलला नाही. भाऊजी म्हणाले, "बोलंन पोट्टा. पन तो बँड आता सुरात वाजवते."

अशा माणसापुढे तुमची पाच गाणी आली. तू आणि कॉलेजची तीन पोरं, बँडचं नाव 'गच्चीवरचे'. तू मला फोनवर पाठवलीस आणि लगेच विचारलंस, "मावशी, कसं वाटलं?"

आता खरं सांगते, रागव हवं तर. मी तेव्हा तुरी पाखडत होते. पहिलं गाणं मिनिटभर लावलं, आणि तुला निरोप पाठवला, की छान आहे गं, सगळ्या जठारपेठेला आवडलं, ये एकदा, कौतुक करायचंय तुमचं. जठारपेठेत तोवर कुणी ऐकलेलंच नव्हतं! लेकीनं काही करून पाठवलं की आधी वाखाणायचं, हीच आमची रीत. तू मात्र खरं मानलंस. रविवारी त्या तिघांना घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन, नवा कुर्ता घालून आलीस.

कूलर बंद झाला. अठरा मिनिटं कुणी हललं नाही. संपल्यावर नलूताईनंच सुरुवात केली, "माय वं, ढोलकी नाई, पेटी नाई, नुसतं टुकटुक. आमच्या गिरनीचा पट्टा याहून बरा वाजते." रशीदचाचा दाढी खाजवत म्हणाले, "आवाज अच्छा है बेटा, पर बाजे के पीछे काहे को छुप के बैठी है?" तुझा गिटारवाला म्हणाला, "काका, हे असंच असतं, नवीन साउंड आहे."

भाऊजी बोलले ते अजून माझ्या कानात आहे. "नवीन हाय मनून मी कायले भिऊ? वऱ्हाडातली पोट्टी, अन् नाकातून मराठी गाऊन राहिली. एका शब्दाचा शेवट कानापर्यंत येत नाई. पोट्टेहो, तुमी गानं नाई केलं, गान्याचा फोटो काढला."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की मुक्ता, मी खोटं बोलले. नाही म्हटलं. तू चहा न घेता निघालीस, आणि तुझ्या मनात सगळा दोष त्यांच्या तोंडाचा राहिला. महिन्याभरात बँड मोडला, हे मला तुझ्या आईकडून कळलं.

भाऊजींपुढे मी माझं खोटं कबूल केलं तेव्हा ते माझ्यावरच कडाडले. "तुमी तिले कायले खोटं सांगतलं वयनी? ती तुमचं आयकून आलती, माह्यं कुठून आयकंन? तिले राग माह्या नाई, तुमचा आला पाह्यजे होता." त्यांनी मत काही बदललं नाही, गं. तुला बरं वाटावं म्हणून तसं लिहिणार नाही. पण दर रविवारी ती पाच गाणी लावायचे आणि शिव्या द्यायचे. एकदा गल्लीतला एक जण न ऐकताच हसला, तर त्याला दुकानाबाहेर काढलं. "तू कायले हासून राहिला बे? आदी अठरा मिनिटं बस!" आणि तिसऱ्या गाण्यात, तू एसटी स्टँडवर वाट पाहतेस ते, त्याच्या शेवटच्या कडव्याला हात वर करायचे. "हे पाहा. इथं पोट्टी लपली नाई. असंच पुढचं सारं गायला पाह्यजे. हे तिले सांगाचं राह्यलं."

मी म्हटलं, फोन करते. तर म्हणाले, "फोनवर नाई. ती येईन तवा सांगीन."

तू आली नाहीस. ते पौषात गेले. रशीदचाचांनी दुकान झाडलं, चावी भाऊजींच्या लेकाला दिली.

गेल्या आठवड्यात मी घरात एकटी बसून पाचही गाणी पूर्ण ऐकली. पहिल्यांदाच. तिसऱ्याचं शेवटचं कडवं ऐकून डोळे पुसले. दुसरं मात्र मला मुळीच आवडलेलं नाही मुक्ता, आणि का आवडलं नाही ते मला नेमकं सांगता येतं. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये. समोर बस, म्हणजे सांगते.