मांजरं वाळवणारे मुनसफकाका

निकाल दिल्याशिवाय ज्यांना अन्न पचत नसे असे एकच गृहस्थ मी आजवर पाहिले, आणि ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. बाबांचे हे मित्र हैदराबाद संस्थानात मुनसफ होते, म्हणजे खालच्या कोर्टाचे न्यायाधीश. मला कळू लागलं तोवर त्यांना पेन्शन लागली होती. पण पेन्शन त्यांच्या नोकरीला लागली होती, स्वभावाला नाही. हैदराबाद शहरात नल्लकुंट्यातल्या त्या घराच्या ओसरीवर भर वैशाखात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी घालून ते सकाळपासून बसत, आणि समोर येईल ती गोष्ट सुनावणीला घेत. आमटीत मीठ कमी झालंय का, असं काकूंनी विचारलं की दोन घास खाऊन ते डोळे मिटत आणि सांगत, "तक्रारीत तथ्य दिसतं, पण प्रतिपक्षाचं ऐकल्याशिवाय काही बोलता येणार नाही." प्रतिपक्ष म्हणजे काकूच. एकदा न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर आपल्या मेहुण्याशी चाललेल्या भांडणाचा विषय काढला. एकाच बाजूचं ऐकणं काकांना मंजूर नव्हतं. मेहुणा राहायला अंबरपेठेत. त्याला बोलावून आणेपर्यंत काका गालाला साबण लावून तसेच बसून राहिले, आणि मेहुणा आल्यावर त्याची बाजू खरी ठरली म्हणून न्हावी रागावून निघून गेला. पुढचे दोन दिवस काका एकाच बाजूने मुनसफ दिसत होते.

या घरात तीन मांजरं होती. थोरलीचं नाव तारीख, कारण ती पुन्हा पुन्हा येई आणि तिच्या येण्यातून कधी काही निष्पन्न होत नसे. तिच्या दोन मुलांपैकी एक जागचा हलत नसे म्हणून तो तहकूब, आणि दुसरा सतत आधीच्यापेक्षा उंच ठिकाणी चढून बसे म्हणून तो अपील. माणसांना काका सरसकट अरे-तुरे करत. मांजरांना मात्र 'आप'. "तशरीफ रखिए," असं तहकूबला म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे. तहकूब तेव्हा झोपला होता. मी त्या वेळी मॅट्रिकच्या वर्गात होते. शाळा इंग्रजी, शिकवायला नन, आणि मी इतकी कमी बोलत असे की काकांनी मला आपल्या कोर्टात नोकरीच देऊन टाकली. ते मला पेशकारसाहेब म्हणत. मुनसफाच्या बाजूला बसून कागद पुढे करणारा कारकून तो पेशकार. माझ्याकडे कागद नव्हते. मी फक्त बाजूला बसत असे, आणि न बोलणाऱ्या माणसासमोर लोक काय काय बोलतात हे मला तिथे कळलं.

त्या वर्षी हैदराबादेतल्या प्रत्येक मराठी घरात एकच प्रश्न होता: जायचं की राहायचं. देश स्वतंत्र झाला होता, आम्ही झालो नव्हतो. रस्त्यावर कवायती सुरू झाल्या होत्या, मीठ मिळेनासं झालं होतं, आणि ओळखीचे एकेक जण सोलापूरला नाही तर वऱ्हाडात लग्नाला म्हणून जात आणि त्या लग्नाहून परतच येत नसत. काकांच्या घरात मात्र वाद वेगळाच पेटला होता: मांजरांना ओलं घालायचं की कोरडं. काकू ओल्याच्या. सकाळ-संध्याकाळ ताटलीत दूधभात बोटांनी मऊ कालवायचा, मनगटावर थेंब टाकून गरम किती ते बघायचं, मग हाका मारायच्या. काका एकाएकी कोरड्याचे झाले. मांजराच्या दातांना व्यायाम हवा, ओल्याने अंगात आळस भरतो, तहकूबकडे पाहा, वगैरे. ज्वारीची भाकरी उन्हात वाळवून, कुटून, तिचा एक रांजण त्यांनी ओसरीवर आणून ठेवला. काकू म्हणाल्या, "काय करायलात वो हे? कोरडं खायला मांजर म्हणजे काय दौऱ्यावरचा तहसीलदार आहे?"

सारी आळी हसत होती. मीही हसले असते, पण एका संध्याकाळी काका आमच्याकडे आले होते आणि मी चहा घेऊन गेले. मी आले म्हणून बोलणं थांबलं नाही. माझ्यासाठी कुणी थांबत नसे. बाबा म्हणत होते, "वहिनींना आता सोलापूरला पाठवून द्या. मुलगा बोलावतोय ना?" काका म्हणाले, "ती हलत नाही. म्हणते, मांजरांना दूधभात कोण कालवील सांगा, मी आत्ता उठते. बरोबर आहे तिचं. ओलं रोज कालवावं लागतं, त्याला माणूस लागतं. कोरडं रांजणभर ठेवून जाता येतं." मग बशीत चहा ओतत अगदी शांतपणे म्हणाले, "बायकोला इथून बाहेर काढायचं तर आधी मांजरं वाळवली पाहिजेत."

म्हणून मला त्या वादाचं हसू येत असे आणि भीतीही वाटे. मांजरांना मात्र कसलीच भीती नव्हती. काकांनी ओसरीवर रीतसर सुनावणी ठेवली. एका ताटलीत ओलं, एकीत कोरडं, मध्ये तारीख. तिने दोन्ही हुंगलं, भिंतीवरून एक पाल उचलली आणि कोर्ट सोडून गेली. काका म्हणाले, "पक्षकार गैरहजर." मग त्यांना माझी शाळा आठवली. "पेशकारसाहेब, तुमच्या शाळेत मडमांचं मांजर आहे ना? विचारून या ते काय खातं." वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत जात नसे, तरी मी एका दुपारी सगळ्यांत म्हाताऱ्या ननपुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "जे चोरतं ते खातं." मी तेच येऊन सांगितलं. काकांनी मान हलवली. "साक्षीदार फितूर."

त्याच सुमारास दिल्ली आणि हैदराबाद या दोन सरकारांत जैसे थे करार चालू होता, म्हणजे दोघांनी आहे तिथेच थांबायचं आणि एकमेकांची खोडी काढायची नाही. तसाच करार या नवरा-बायकोतही झाला: ओसरी कोरड्याची, स्वयंपाकघर ओल्याचं. तो त्या मोठ्या कराराइतकाच पाळला गेला. काकू खिडकीच्या गजांतून ओसरीवर दुधाची वाटी सरकवत, आणि काका पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरून मूठभर कुटलेली भाकरी दूधभातावर पसरून येत. दोघंही मला साक्षीला धरत. मी दोघांच्याही वतीने गप्प बसे.

शेवटी काकांनी जे केलं ते आमच्या लोकांत कुणी केलं नसेल. सुक्या मासळीची पूड भाकरीवर टाकली तर मांजर नाही म्हणणार नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. काकूंच्या घरात कांदासुद्धा चातुर्मास बघून येई. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून काका मूसी नदी ओलांडून पलीकडच्या बाजारात गेले, आणि शाळेचं दप्तर घेतलेली मुलगी बरोबर असली की संशय येत नाही म्हणून मला घेऊन गेले. पुडी दप्तरात ठेव म्हणाले. मी दप्तर छातीशी धरलं. आयुष्यात एवढ्या ठामपणे मी कशालाच नकार दिला नव्हता. पुडी शेरवानीच्या आतल्या खिशात गेली आणि आम्ही बसमध्ये चढलो. दोन मिनिटांत सारी बस नाकाला पदर, रुमाल, टोप्या लावू लागली. काकांनीही रुमाल काढला. एवढ्यावर थांबले असते तर ते मुनसफ कसले? ते उभे राहिले आणि गरजले, "ये मछली कौन लाया?"

मेंदी लावलेल्या दाढीचा एक म्हातारा शेजारीच बसला होता. तो अदबीने म्हणाला, "साब, बुरा नक्को मानो, बू तो आपकीच शेरवानी में से आ रई."

"शहादत नामंजूर," काकांनी साक्ष फेटाळली.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हौ! मुनसफसाब! मेरे मुकदमे में बी ऐसाच करे थे आप. भैंस मेरी, फैसला उसका!"

बस हसायला लागली. कंडक्टर हसला. काका हसले नाहीत, पण उतरताना त्या म्हाताऱ्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "भैंस आपकीच थी. कागज उसके थे." म्हाताऱ्याने कपाळाला हात लावून सलाम केला.

त्या पुडीने मात्र निकाल लावला. घरात वास कसला येतोय, असं काकूंनी विचारलं. काका म्हणाले, शेरवानी जुनी झाली. काकूंनी शेरवानी दोरीवर टाकली तर तिन्ही मांजरं दोरीखाली ओळीने बसली. आणि मग एका सकाळी तारीख आपणहून पूड मिसळलेल्या रांजणापाशी गेली, सांडलेलं हुंगलं आणि कडाकडा खाऊ लागली. मागोमाग अपील उतरला. तहकूबसुद्धा उठला. काकू दारात उभ्या राहून ते कुरुमकुरुम ऐकत होत्या. त्यांच्या हातात कालवलेल्या भाताची ताटली होती. ताटली त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. आत गेल्या, आणि थोड्या वेळाने वळकटी बांधायची दोरी मागायला आमच्याकडे आल्या. काका खटला जिंकले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. जिंकलेला माणूस इतका पडलेला मी पाहिला नव्हता.

गाड्या अजून चालू होत्या. काकू, आई आणि मी सोलापूरला निघालो. नामपल्ली स्टेशनवर इतकी गर्दी होती की काकूंना खिडकीतून आत घ्यावं लागलं. गाडी हलेपर्यंत त्या खिडकीतून सांगत होत्या, "कोरडं खायलीत म्हणून पाणी ठेवायचं विसरू नका. अपीलला मोठा तुकडा जात नाही." काका म्हणाले, "रांजण भरून कुलूप लावतो आणि मागच्या गाडीने येतो." बाबांना सरकारी नोकरीमुळे निघता येत नव्हतं, काकांना काहीच अडचण नव्हती. तरी काका आले नाहीत. पुढे गाड्याच बंद झाल्या. सोलापुरात हैदराबादेहून कसाबसा आलेला कुणी भेटला की इतर बायका घराची, माणसांची खुशाली विचारत. काकू विचारत, "आमच्या ओसरीवर मांजरं दिसली का वो?" लोकांना वाटे, बाई नवऱ्याची काळजी करत नाहीत. मला तसं वाटलं नाही. ज्या ओसरीवर मांजरं दिसतील तिथेच काकाही दिसणार होते.

सप्टेंबरात दिल्लीची फौज येऊन सगळं संपलं, आणि थंडी पडायच्या आत आम्ही परतलो. टांग्यातून उतरून काकू सरळ ओसरीवर गेल्या. त्यांची वळकटी घेऊन मी मागे. काका जमिनीवर मांडी घालून बसले होते. शेरवानीची बाही कोपरापर्यंत वर, हात दूधभाताने माखलेला, मनगटावर दुधाचा थेंब. स्वतः निम्मे झाले होते. मांजरांची पोटं जमिनीला टेकत होती. "नोश फरमाइए," असं ते तारीखला ताटली पुढे करून सांगत होते, तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"तात्पुरता हुकूम," काका म्हणाले.

काकू आत गेल्या. का कोण जाणे, मीच बोलले. काकांना मी आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता. "काका, मांजरं कोरडं खात होती. मग तुम्ही का नाही आलात?"

त्यांनी बोटांना चिकटलेली शितं एकेक करून ताटलीत सोडली. "आलो असतो, पेशकारसाहेब. पण ती मला रोज विचारणार, मांजरं कशी आहेत हो. तिथे बसून मी काय सांगणार? छान आहेत म्हणून? उभा जन्म खोटं ऐकण्यात गेला. बोलायचा सराव नाही." मग म्हणाले, "कोरडं खायची मांजरं. पण खाऊन झालं की दाराकडे बघत बसायची."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

ओलं की कोरडं, या प्रश्नावर त्यानंतर काकांनी निकाल राखून ठेवला. पुढे फार वर्षं ते राहिले नाहीत, आणि तो निकाल राखूनच गेले. आळीतला कुणी जेवताना मिठावरून कुरकुरला की लोक अजून एकमेकांकडे पाहतात, आणि प्रतिपक्षाचं ऐकायला थांबतात.

पण त्या परतल्याच्या आठवड्यातली एक सकाळ मला फार लख्ख आठवते. आईने सोलापूरहून आणलेल्या ट्रंका तशाच बांधून ठेवल्या होत्या. बाबा रोज म्हणत, आता उघड की. ती म्हणे, राहू द्या, काय भरवसा. त्या सकाळी ती चुलीपाशी बसली होती आणि भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "इतका घट्ट? मांजर आहे का गवंडी आहे वो ते? दूध घाला अजून!" काकांचा आवाज आला, "हरकत नोंदवली. नामंजूर!" आईने हातातला चिमटा खाली ठेवला. बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "किल्ली आण गं ट्रंकांची."