तेत्सुओ-सानच्या शेडमधला चिखल

माझ्या क्लिनिकमध्ये किस्से जमत नाहीत. मी डेंटिस्ट. समोरच्याचं तोंड दिवसभर उघडं असतं, पण त्याला बोलता कुठे येतं! आपणच बोलायचं आणि त्याने 'आँ, आँ' करायचं. शनिवारच्या पॉटरी क्लासला मात्र सगळं उलटं. प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत चिखलात. फोन वाजला तरी उचलता येत नाही. मग तोंडाशिवाय चालणार काय? तिथे किस्से असे साचतात की परवा ग्लेन वेव्हर्लीत मैत्रिणीकडे जेवताना एक सांगायला घेतला आणि सगळ्यांची आमटी गार झाली!

आमचा क्लास म्हणजे मेलबर्नबाहेर, गम ट्रीजच्या, म्हणजे निलगिरीच्या झाडांच्या, मधोमध एक जुनी पत्र्याची शेड. ती तेत्सुओ-सान आणि मिचिको-सान या जपानी जोडप्याची. दोघंही कुंभार, दोघंही साठीच्या पुढचे. शिकणारे आम्ही तिघं. मी, ठाण्याचा आयटीवाला कौस्तुभ आणि ब्रायन नावाचा रिटायर्ड प्लंबर.

*

पहिल्या दिवशी कौस्तुभ लिननचा कुर्ता घालून आला होता. चिखलात काम करायला! तेत्सुओ-साननी विचारलं, "इथे का आलात?"

कौस्तुभने डोळे अर्धवट मिटले. "मला मातीशी एकरूप व्हायचंय."

"अच्छा. ती पांढरी गाडी तुमची?"

"हो."

"आधी ती काढा. शेजाऱ्याचं गेट अडलंय."

झालं! एकरूप होणं तासभर पुढे गेलं. तोवर मी चाकावर एक वाटी केली. चांगली झालीये असं मला वाटत होतं. तेत्सुओ-साननी ती सगळीकडून फिरवून पाहिली आणि माझा व्यवसाय विचारला. मी सांगितला.

"तरीच. ही वाटी नाहीये. दाढ आहे."

मागून मिचिको-सान डोकावल्या. त्या फार कमी बोलतात. म्हणाल्या, "अक्कलदाढ. वाकडी आलीये. काढावी लागेल."

*

जपानसारखा कुंभारांचा देश सोडून हा माणूस ऑस्ट्रेलियात का आला असेल? कौस्तुभची खात्री होती की यामागे काहीतरी खोल असणार. एकदा त्याने विचारलंच.

तेत्सुओ-सान म्हणाले, "आमच्या गावात डावीकडे कुंभार, उजवीकडे कुंभार. समोर कुंभार, त्याचा सासरा कुंभार. घरात कप फुटला तर शेजारी दहा कप आणून द्यायचे. विकायचं कुणाला? इथे आलो तर लोक कागदाच्या कपातून कॉफी पीत होते. म्हटलं, इथे पुष्कळ काम आहे!"

पण कागदाच्या कपातून पिणाऱ्यांना मातीचा कप कशाला हवा असणार? पहिली काही वर्षं एक कप खपेना. मिचिको-सान लोकांच्या घरी साफसफाईला जायच्या. शेवटी तेत्सुओ-सान एका सुशीच्या दुकानात लागले.

"तुम्हाला सुशी येते?" मी विचारलं.

"अजिबात नाही. पण माझा चेहरा बघून कुणी विचारलंच नाही!"

दुकानात प्लास्टिकच्या प्लेट्स होत्या. त्यांना ते बघवेना. मग घरून स्वतःच्या प्लेट्स नेऊन ते त्यांत सुशी वाढायला लागले. थोड्याच दिवसांत मालकाच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकं सुशी अर्धी टाकतायत आणि प्लेट्स पर्समध्ये घालून पळवतायत! त्याने तेत्सुओ-सानना बोलावलं आणि म्हणाला, "मेट, तू उद्यापासून सुशी करू नकोस. फक्त प्लेट्स कर."

"तेच माझं पहिलं गिऱ्हाईक," तेत्सुओ-सान म्हणाले. "आणि सुशीबद्दल मला मिळालेला तोच एक खरा अभिप्राय!"

*

फुटलेलं भांडं सोन्याने सांधायची जपानी कला आहे, ती कौस्तुभने कुठल्याशा व्हिडिओत पाहिली. पुढच्या शनिवारी तो एका फुटक्या बाउलचे तुकडे रुमालात बांधून घेऊन आला.

"कसा फुटला?" तेत्सुओ-साननी विचारलं.

कौस्तुभ चुळबुळला. "म्हणजे... फोडला. सांधून छान दिसेल म्हणून."

तेत्सुओ-सान आत गेले. कौस्तुभने फोनचा कॅमेरा सुरू केला. आता सोन्याची पूड येणार, ब्रश येणार, जखमा आणि सौंदर्य यांवर चार शब्द येणार!

तेत्सुओ-सान आराल्डाइटची ट्यूब घेऊन आले.

"हे?" कौस्तुभचा चेहरा पडला. "तुम्हीसुद्धा हेच वापरता?"

"मी भांडी फोडत नाही," तेत्सुओ-सान म्हणाले. "पण आमची टॉयलेटची टाकी फुटली होती तेव्हा ब्रायनने हेच लावलं. अजून गळत नाही."

ब्रायनने आमच्याकडे बघून नम्रपणे मान लववली. अगदी जपानी पद्धतीने!

*

आई पुण्याहून आली तेव्हा तिला शेड दाखवायला नेलं. मिचिको-साननी चहा दिला. जपानी कप, बिनकानाचा. आईने उचलला आणि चटकन खाली ठेवला.

"अगं, याला कान कुठाय?"

मी इंग्रजीत सांगितलं. तेत्सुओ-साननी समजावलं, "कपाला कान नसला की हाताला चटका बसतो. म्हणजे चहा जिभेलाही गरम आहे. मग थांबायचं."

मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "थांबायचं? चहासाठी? त्यापेक्षा सरबतच करावं की!" असं म्हणून तिने बाजूच्या फळीवरची एक उथळ प्लेट ओढली, त्यात चहा ओतला आणि दोन्ही हातांनी उचलून 'फुर्रर्र' केलं.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती प्लेट एक्झिबिशनसाठी काढून ठेवलेली होती!

तेत्सुओ-सान गुडघ्यावर बसून एकटक बघत होते. म्हणाले, "प्लीज, पुन्हा करा."

आईने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मिचिको-साननी पण केलं. आवाज बरा आला.

पुढे एक्झिबिशन लागलं तेव्हा मधोमध कप आणि बशी! गॅलरीवाली बाई लोकांना हळू आवाजात सांगत होती, "इथे कलाकाराने काळाच्या प्रवाहाला क्षितिजसमांतर केलंय." मी आईला व्हिडिओ कॉल लावून ते ऐकवलं.

आई ओरडली, "अगं, तिला सांग, बशी आहे ती!"

सगळी गॅलरी वळून बघायला लागली. तेत्सुओ-साननी गॅलरीवालीला शांतपणे सांगितलं, "करेक्ट."

*

नोरिको-सान ही तेत्सुओ-सानची मैत्रीण. तीही कुंभार. लाल मातीच्या नादाने ती थेट कालगुर्लीला जाऊन राहिली. कालगुर्ली म्हणजे सोन्याच्या खाणींचं गाव. तिथे माती खणून लोक सोनं काढतात आणि माती टाकून देतात.

एकदा ती पर्थच्या विमानाला निघाली. बॅगेत मातीची गच्च भरलेली पिशवी. सिक्युरिटीवाल्याने बाजूला घेतलं.

"आत सोनं आहे?"

"नाही. माती आहे."

"मातीत सोनं आहे?"

"नसावं अशी आशा आहे. भट्टीत त्रास होईल."

त्या माणसाने पिशवी उघडली, चिमूट चोळून पाहिली, साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, "आयुष्य गेलं माझं इथे. लोक सोनं लपवायला मातीत घालतात. नुसती माती नेणारी तू पहिलीच!"

मग त्याने पिशवी बांधून दिली आणि हळूच म्हणाला, "माझ्या बॅकयार्डमध्ये याच्यापेक्षा चांगली आहे. संडेला ये, फावडं घेऊन."

नोरिको-सान आता त्याच बॅकयार्डच्या मातीची भांडी करते. आणि हो, त्याच घरात राहते!

*

लाकडाची भट्टी पेटवायची म्हणजे सलग काही दिवस ती जागती ठेवावी लागते. मध्येच थंड झाली तर सगळ्यांची महिनोन् महिन्यांची कामं मातीत. म्हणजे ती आधीच मातीत, पण तुम्हाला कळलं!

हिवाळा होता, परमिट होतं, सगळं रीतसर. पण समोरच्या घरात एक बाई नव्याने राहायला आल्या होत्या. धूर पाहून त्यांनी ट्रिपल झीरो या इमर्जन्सी नंबरला फोन केला. सायरन वाजवत लाल ट्रक दारात!

कॅप्टन उतरला. "आग कुठाय?"

तेत्सुओ-साननी भट्टीकडे बोट दाखवलं. "आत."

"विझवायची का?"

मिचिको-सान पाइप आणि भट्टी यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या. उंची जेमतेम कॅप्टनच्या छातीपर्यंत. पण त्या अशा उभ्या होत्या की पाइप धरलेला गडी दोन पावलं मागे सरला. "आत्ता पाणी मारलंत तर सगळं फुटेल," त्या म्हणाल्या. "माणसं पण."

कॅप्टनने परमिट पाहिलं. मग भट्टीच्या भोकातून आत पाहिलं. पांढऱ्याशुभ्र ज्वाळेत भांडी चमकत होती. "बॉइज," तो म्हणाला, "जन्मभर आग विझवली. इतकी देखणी आग पाहिली नव्हती." आणि संकोचून विचारलं, "एक लाकूड मी टाकू?"

मग काय, लायनीत सगळ्यांनीच टाकली. समोरच्या बाई खिडकीतून बघतात तर फायर ब्रिगेडवाले हेल्मेट घालून आगीत लाकडं घालतायत!

पाच मिनिटांनी कॅप्टनचा रेडिओ खरखरला. त्याने ऐकलं आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "आम्हाला परत इथेच बोलावलंय."

*

मागच्या ऑटममध्ये तेत्सुओ-सानचे गुरुजी आले. त्यांच्या नातीचं इथल्या युनिव्हर्सिटीत ग्रॅज्युएशन होतं, त्यासाठी. वय नव्वदीकडे झुकलेलं, जपानात मोठं नाव. तेत्सुओ-साननी शिक्षण संपल्यावर देश सोडला हे त्यांना रुचलं नव्हतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. आणि आता नातीचा फोन आला, आजोबांना शेड बघायचीये!

तेत्सुओ-साननी शेड घासून काढली. आम्हाला चिखलाने न माखता यायला सांगितलं. पॉटरी क्लासला!

वाट बघताना ते आपल्या शागिर्दीबद्दल बोलले. त्यांनी भांडं केलं की गुरुजी तारेने ते उभं मधोमध कापायचे. आतली जाडी दिसते. गुरुजी म्हणायचे, "बूड जाड." शिष्याने मान खाली घालून 'हाय' म्हणायचं, म्हणजे 'हो जी', आणि पुन्हा माती मळायची. "शिकण्याची सगळी वर्षं मी एवढा एकच शब्द बोललो," तेत्सुओ-सान म्हणाले.

"आणि तुम्ही?" मी मिचिको-सानना विचारलं.

"मी गुरुजींच्या स्वयंपाकघरात. बायकांनी चाकाला हात लावायचा नाही असा नियम होता." त्या हसल्या. "तांदूळ धुताना खिडकीतून सगळं दिसायचं."

गुरुजी आले. बारीक, ताठ, काठी टेकत. फळ्यांवरची भांडी बघत सगळी शेड फिरले. चांगलं नाही, वाईट नाही, एक अक्षर नाही. तेत्सुओ-सान मागे मागे, घाम पुसत. मग गुरुजी सरळ चाकावर जाऊन बसले आणि इथल्या मातीचा गोळा मागितला.

ती माती त्यांना नवी होती, हात कापत होते. तरीही आमच्या डोळ्यांसमोर बाउल असा उमलत वर आला की ब्रायनने टोपी काढली. गुरुजींनी चाक थांबवलं. बाजूची तार उचलली आणि तेत्सुओ-सानपुढे धरली. जपानीत काहीतरी म्हणाले.

नात आमच्या कानात कुजबुजली, "He's saying, cut it."

तेत्सुओ-सान पांढरेफटक पडले. तार हातात घेतली, बाउलजवळ नेली, मागे घेतली. पुन्हा नेली. डोळ्यांत पाणी. "नाही जमणार," ते म्हणाले.

गुरुजींनी बाउलकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात मिचिको-सान आतून आल्या. हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी तो माझ्याकडे दिला, एप्रनला हात पुसले, नवऱ्याच्या हातातून तार घेतली, दोन्ही टोकं ताणली आणि सर्रकन बाउल उभा कापला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मग वाकून दोन्ही अर्ध्यांकडे नीट बघितलं.

"बूड जाड," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी डोळे बारीक करून पाहिलं. बोटाने बूड चाचपलं. मग स्टुलावरच पाठ ताठ केली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, मान खाली घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"हाय!"