बेचाळीस इंचांची खिडकी

टाचणीमावशींचं खरं नाव फक्त बँकेत लागायचं. एरवी गल्लीत त्या टाचणीमावशीच. ओठांत दोन टाचण्या, खांद्याशी पदरात टोचलेल्या पाच-सहा, आणि बोलणं त्या ओठांतल्या टाचण्यांमधून वाट काढत आलेलं, त्यामुळे प्रत्येक वाक्याला बारीक शिट्टी. दोन खोल्यांचं तळमजल्याचं घर. पुढच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन, मशीनला लागून पलंग. गिऱ्हाईक आलं की आधी पलंगावरचे कपडे हलवायचे, मग त्याला बसवायचं. तीस वर्षं हेच.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपीलोक माया म्हणतात. माणूस अंगानं भरला की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. कापड वाचावं म्हणून बाकीचे शिंपी पाव इंचावर भागवत. मावशी इंचभर ठेवायच्या, लहान मुलांच्या कपड्यांत दीड इंच. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "आज काडी आहेस म्हणून उद्याही काडीच राहशील? वेळ काय सांगून येते?"

स्वभावच काळजीचा. मुलगी शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तर ह्यांच्या डोळ्यांसमोर दवाखाना उभा. ती मुलगी आता दुसऱ्या गावी खरोखरच दवाखान्यात नर्स होती, तरी रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न, "जेवलीस का?" आणि दुसरा, "खरं सांग."

नवरा टपालखात्यात होता. चौतीस वर्षं पत्रं लावली. डॉक्टरचं अक्षर, पहिलीतल्या पोराचं अक्षर, चोरून लिहिलेल्या पत्रावरचं घाईचं अक्षर, सगळं त्यांना वाचता यायचं. खात्यात म्हणत, मुंगी शाईत बुडून कागदावरून चालली तरी हा माणूस पत्ता सांगेल. निवृत्त झाल्यावर ते मावशींचे कारकून झाले. मावशी टेप धरायच्या, ते आकडा वाचून वहीत लिहायचे. पगार दोन वेळचा चहा, आणि त्यावरूनही भांडण.

नव्या घराचं खूळ मावशींचंच. बारा वर्षं शिलाईतून बाजूला टाकलं होतं. एक खोली फक्त मशीनची असावी, खिडकीतून समोरच्याचा नळ न दिसता आभाळ दिसावं, एवढंच. गावाबाहेर नवी इमारत उठत होती. चौथा मजला, दोन खोल्या आणि शिवाय एक लहानशी. ताबा दीड वर्षानं. बारा वर्षांची सगळी पुंजी बुकिंगला जाणार होती. उरलेलं राहतं घर विकून. "करार तुझ्या एकटीच्या नावावर कर," नवरा हट्टानं म्हणाला होता. "मी फक्त पत्ते वाचले. पैसा तू शिवलास."

बिल्डरच्या कचेरीत टेबलामागे एक तरुण मुलगी होती. तिनं सव्वीस पानांचा करार पुढे सरकवला. मावशींनी तो कापडासारखा दोन बोटांत चाचपला आणि विचारलं, "पोरी, यात माया किती ठेवलीय?"

मुलगी दचकली. तिनं मागच्या केबिनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, आम्ही सगळं चेकनं घेतो. वरची माया-बिया काही नाही."

नवरा हसून हसून खोकायला लागला. "अगं, तिला वाटलं तू काळा पैसा विचारतेयस! आता धाड पडणार आपल्यावर." केबिनमधले मॅनेजर बाहेर आले, तेही हसले, चहा आला. त्या हसण्यात मावशींचा प्रश्न तसाच राहिला. उद्या काही अडलं, काही बदललं, तर हे उसवून सैल करता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कपात साखर जास्त होती. सव्विसाव्या पानावर त्यांनी सही केली.

पुढच्या महिन्यात दोघं घर बघायला गेली. भिंती उठल्या होत्या, गिलावा झाला होता, खिडक्यांच्या चौकटी बसल्या होत्या. लिफ्ट अजून नव्हती, जिन्याला कठडा नव्हता. चढताना नवऱ्यानं मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, या माणसानं चारचौघांत कधी बोट धरलं नव्हतं. गवंडी बघत होते. मावशींचे कान तापले. "टाचण्या आहेत हो तिथं," त्या पुटपुटल्या.

"टोचू देत," तो म्हणाला. हात काढला नाही.

चारही मजले मावशी नव्या नवरीसारख्या चढल्या.

वर जाऊन त्यांनी आधी खिडकी गाठली आणि पिशवीतून टेप काढला. ताब्याला दीड वर्ष होतं, पण पडदे आत्ताच शिवून ठेवलेले बरे. पुढे कापडाचे भाव काय होतील कुणी सांगावं. "मी धरते, तुम्ही वाचा."

नवरा टेपवर वाकला. जरा वेळ लागला. "बेचाळीस," तो म्हणाला.

मावशींनी पडद्यांना असं कापड घेतलं, की दुकानदारानंही विचारलं, "कुणाचं लग्न?" तीन आठवड्यांनी पहिला पडदा पूर्ण झाला, तशी त्यांना राहवेना. एका सकाळी एकट्याच गेल्या. चौकटीला पडदा लावून बघितला. दोन्ही बाजूंनी उघडी खिडकी तशीच. त्यांना वाटलं, आपण टेप तिरपा धरला असेल. पुन्हा मापलं. बावन्न.

दोन इंचांची चूक असती तर मायेत भागलं असतं. दहा इंच कुठून आणायचे? आणि पत्त्यांचा हा राजा बावन्नाला बेचाळीस कसा वाचेल? मावशी तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. बेचाळीस हा आकडा ओळखीचा होता. घरातल्या खिडकीचा. मशीनवरच्या. तिचे पडदे त्यांनी सहा वेळा बदलले होते आणि सहाही वेळा ह्यांनीच वहीत लिहिलं होतं, बेचाळीस.

ह्यांनी टेप वाचलाच नव्हता. आठवणीतलं सांगितलं होतं.

मग एकेक गोष्ट आपोआप उसवत गेली. हल्ली चहा ओतताना ते बोट कपाच्या कडेला धरतात. पेपर उघडतात, पान उलटत नाहीत. नवं गिऱ्हाईक आलं की नेमके चहा टाकायला आत जातात, जुन्यांची मापं तर पाठच. संध्याकाळी फिरायला जाणं बंद, म्हणे गुडघा. आणि तो खांद्यावरचा हात. मावशींना त्या हाताचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

घरी येऊन त्यांनी सुई आणि दोरा नवऱ्यापुढे ठेवला. "जरा ओवून द्या."

त्यानं सुई घेतली, बोटांत फिरवली, आणि परत ठेवली. "कधी कळलं तुला?"

"आज. तुम्हाला?"

"झाले आठ महिने. काचबिंदू. गेलेली नजर येत नाही म्हणाले. उरलेली थेंब घालून टिकली तर टिकेल. वर्ष, दीड वर्ष."

"आठ महिने! आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू घर घेतलं असतंस?"

मावशींनी ओठांतल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. भांडायचं असलं की त्या आधी टाचण्या काढायच्या. पण तोंडून एवढंच आलं, "मला वाटलं होतं हात प्रेमानं ठेवलाय."

"दोन्हींसाठी ठेवला होता," तो म्हणाला. "एका हातात दोन कामं होत असतील तर काय बिघडलं?"

रात्री मुलीला फोन झाला. तिनं दवाखान्यातल्या आवाजात सगळं विचारून घेतलं, औषधाचं नाव, डोळ्यातला दाब, तारखा. मग तिच्या घरच्या आवाजात म्हणाली, "आई, बाबांना आपल्या घराची प्रत्येक कड पाठ आहे. नवं घर शिकायचं तर नजर असताना शिकायला हवं. ताबा मिळेल तेव्हा…" तिथून ती पैशांवर आली. "पण तुझे पैसे बुडतील गं. बारा वर्षांचे."

"मी शिकेन नवं घर," मागून नवरा मोठ्यानं म्हणाला. "पत्ते पाठ करण्यात आयुष्य गेलं माझं. एक जास्त."

त्या रात्रीपासून मावशी नवऱ्याला बघत राहिल्या. तो उठायचा, पलंगाला वळसा घालायचा, मशीनच्या चाकाला बोट लागलं न लागलं की डावीकडे वळायचा. उंबऱ्यावर पाय बरोबर उचलला जायचा. माठाचं झाकण, गुळगुळीत झालेली कडी, चहाचा डबा, कुठेही हात चाचपडत नव्हता. या घरात तो आंधळा होणारच नव्हता, निदान पुष्कळ दिवस. तिकडे चौथ्या मजल्यावर तो पहिल्या दिवसापासून पाहुणा असता, आणि पाहुणा म्हणूनच मेला असता. या विचाराशी मावशी तीन दिवस झगडल्या. एखादं कापड मनात भरावं आणि ते आपल्या मापात बसू नये, तसं झालं होतं. आभाळ तर त्यांनाही हवं होतं. चौथ्या दिवशी त्या कुणाला न सांगता कचेरीत गेल्या.

टेबलामागच्या मुलीनं ओळखलं. "या मावशी! माया घेऊन आलात?" मावशी हसल्या नाहीत, तशी तिनं खुर्ची पुढे केली. सगळं ऐकून तिनं सतरावं पान काढलं. खरेदीदारानं माघार घेतली तर बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही.

"आजारपण असलं तरी?"

"कारणासाठी रकाना आहे, मावशी. पण कारणाचे पैसे मिळत नाहीत." एवढं बोलून ती स्वतःच ओशाळली. मग आत गेली, आणि मॅनेजरना घेऊन आली. ते मऊ बोलले. नियम सगळ्यांना सारखा असतो, म्हणाले. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं, म्हणाले. पाणी मागवलं.

"शिवण एकेरी घातलीत हो साहेब," मावशी म्हणाल्या. "माणूस जरा वाकला की फाटते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. वाईट शिवलेला कपडा बघितल्यावर त्या असंच बोलायच्या.

मुलीनं अर्ज पुढे केला. कारणाच्या रकान्यापाशी मावशींचं पेन थांबलं. नवऱ्याचे डोळे या कागदावर ठेवून जायचं त्यांच्या जिवावर आलं. उद्या हे कागद कोण वाचेल, कुठल्या कपाटात धूळ खातील. त्यांनी लिहिलं, "खिडकीचं माप चुकलं." आणि खाली सही केली. मुलीनं ते वाचलं, आणि दारापर्यंत सोडायला आली.

घरी येऊन मावशींनी सांगून टाकलं. नवरा उभा होता तो खाली बसला. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला? मला नाही पटलं ते घर."

तो दोन दिवस बोलला नाही. चहा मुकाट घेतला, थेंब मुकाट घालून घेतले. मावशी बोलत राहिल्या, एकट्याच, दोघांइतकं. जिना किती उंच होता. लहान खोलीत मशीन कुठलं मावतंय! मॅनेजरचा चेहराच लबाड होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गणवेशाच्या चड्ड्यांना काठ घालत होत्या, आणि नवरा पलंगावरून म्हणाला, "त्या खिडकीतून काय दिसायचं गं?"

मशीन थांबलं. "कुठल्या?"

"त्याच. मला काही दिसलं नाही त्या दिवशी. नुसता उजेड होता. तूही सांगितलं नाहीस."

"काय दिसणार? समोरच्या इमारतीची पाठ. पाइप नुसते."

"खोटं बोलतेस." तो तिच्या दिशेनं वळला, अगदी नेमका तिच्या चेहऱ्याकडे. "समोर भिंत असती तर आपलेच आवाज परत आले असते. वारा सरळ येत होता. आणि पोपट होते लांब कुठेतरी. उगाच माझी समजूत काढू नकोस. माझे डोळे जातायत, कान नाही."

मावशींनी हातातलं कापड मशीनवरून काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडली. बारा वर्षं त्या ज्याच्यासाठी मान मोडून बसल्या, ते आपलं होतं आणि गेलं, हे त्यांनी अजून कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःपाशीही नाही.

"मोकळं होतं," त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "खूप मोकळं होतं हो."

नवरा उठला. पलंगाला वळसा घातला, दोन पावलं टाकली, आणि मशीनसमोरच्या स्टुलावर येऊन बसला, गिऱ्हाईक बसतं तिथं. "रड आधी," तो म्हणाला. "गेलंय ते काही थोडं नाही. मग सगळं सांग. डावीकडून सुरू कर."

मावशींनी पदरानं नाक पुसलं. पदरातली टाचणी गालाला लागली, तशा त्या रडता रडता हसल्याही. "डावीकडे शेत आहे," त्या म्हणाल्या. "कसलं ते नाही कळलं, पण हिरवं. मध्ये एक पांढरं घर, त्याच्या गच्चीवर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या."

"किती?"

"चार. एक लाल होती."

"पुढे?"

त्या सांगत राहिल्या. चड्ड्या संध्याकाळी द्यायच्या होत्या, तशाच पडून राहिल्या.