कोल्हेमाळाचा दगड

बहात्तरच्या दुष्काळात, भर दुपारी, वाळूजजवळच्या कोल्हेमाळावर राजाबाईंच्या मेंढ्यांमध्ये आभाळातून एक दगड पडला. त्या वर्षी पाणी सोडून आभाळातून काहीही पडलं असतं तरी कुणाला नवल नव्हतं. धूळ बसल्यावर, तेव्हा नव्या नवरी असलेल्या राजाबाईंनी तो उचलून पाहिला. मुठीएवढा दगड, पण वजन वरवंट्याचं. लगेच कामाला लावला.

पुढं चव्वेचाळीस वर्षं त्यानं मेंढ्यांच्या जाळीच्या खुंट्या ठोकल्या. तोवर कारखान्यांमागोमाग माळावर ‘हिरवाई रेसिडेन्सी’ नावाची कॉलनी आली. तिच्यात हिरवा होता तो कमानीचा रंग. कोल्हेमाळ हे नाव राजाबाई आणि मेंढ्या यांच्यापुरतं उरलं, आणि मेंढ्या काही बोलत नाहीत.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात मुलगा भारत यानं गंमत म्हणून दगडाचा कोपरा कंपनीतल्या ग्राइंडरवर धरला. आत लोखंड, आणि लोखंडात हिरवे मणी! फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर करत कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या योगिनी मॅडमपर्यंत पोचला. त्या धावतच आल्या. साडेचारशे कोटी वर्षांचा, फुटलेल्या एका छोट्या ग्रहाच्या पोटातला हा ऐवज, जगात असे फार थोडे, असं सांगून त्यांनी विचारलं, याचं तुम्ही करता काय? राजाबाईंनी एक खुंटी ठोकून दाखवली. मॅडमनी डोळे मिटले.

दगड द्यायला राजाबाईंची ना नव्हती. पण अशा दगडाला तो पडला त्या जागेचं नाव मिळतं, असं म्हणत मॅडम कागदावर ‘हिरवाई’ लिहू लागल्या, आणि दगड पदराखाली गेला.

“मावशी, नकाशात आता हेच नाव आहे.”

“नकाशा कालचा हाय, बाई. ह्यो पडला तवा तिथं माळ व्हता. कोल्हेमाळ लिवा, नायतर ह्यो खुंट्याच ठोकंल.”

भारतनं समजावलं, सरपंचांनी दटावलं. पदर हलला नाही. शेवटी मॅडमच गंगापूरच्या तहसील कचेरीत जाऊन निजामाच्या काळातला उर्दू नकाशा शोधून आल्या. त्यात कोल्हेमाळ होता. नावं ठरवणाऱ्या परदेशातल्या मंडळानंही तो मानला. मंजुरीचा कागद हातात पडला त्या दिवशी राजाबाईंनी दगड दिला.

दुसऱ्या सकाळी त्या मेंढ्या घेऊन कमानीशी हजर. वॉचमननं नेहमीसारखी काठी आडवी धरून विचारलं, “कुठं निघालात?”

“कोल्हेमाळावर.”

“असलं काय इथं नाय.”

राजाबाईंनी कागद पुढं केला. “वाच. इंग्रजीत हाय.”

तो अक्षरं जुळवेपर्यंत मेंढ्या आत पोचल्या होत्या.