अक्काला न लागलेली गाडी

आमच्या आत्याला आम्ही एकदा चुकून पळवून आणलं.

आत्या म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नाना तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. ती शिंदखेड्याला दिलेली. एकदा ती जळगावला आमच्याकडे येऊन राहावी, एवढीच नानांची शेवटच्या वर्षांतली हौस होती. पण अक्काला गाडी लागते. एसटी, जीप, रिक्षा, सगळं लागतं. मुलाच्या लग्नाच्या वरातीत सजवलेली गाडी नुसती समोरून गेली, तेव्हाही तिने पदर तोंडाला लावला होता. (हे बापूने, तिच्या मुलाने, सांगितलेलं. बापू थोडं वाढवून सांगतो.) आणि इकडे नानांच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या जुन्या डिझेल जीपमधून धुळ्यापर्यंत जाणंही त्यांना झेपेना. म्हणजे बहीण येऊ शकत नाही आणि भाऊ जाऊ शकत नाही.

माझा धाकटा भाऊ शिरीष सावद्याला केळीचा व्यापार करतो. त्याने ठरवलं, आता मोठी गाडी घ्यायची, तीन ओळींची, गादीसारख्या सीटची. प्रश्न फक्त इंजिनाचा राहिला आणि तो माझ्याकडे आला. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. गाडीतलं मला काही कळत नव्हतं, पण वाचायचं काम घरात माझ्याकडेच येतं.

मी तीन महिने वाचलं. शिरीषला डिझेल हवं होतं. त्याचं म्हणणं, एवढ्या मोठ्या धुडाला ओढायला डिझेलचीच ताकद पाहिजे, शिवाय गाडी आली हे गल्लीला कळलं पाहिजे. मी सांगितलं की मोठ्या गाड्यांत हल्ली डिझेलही गुळगुळीत असतं, सहा सिलिंडरचं असेल तर फारच. पण पहिल्यांदा सुरू होताना जो हादरा बसतो तो नानांच्या कमरेला बसणार आणि जो वास येतो तो अक्काच्या नाकाला. पेट्रोल त्याहून शांत. आणि सर्वांत शांत ती पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, जिला हायब्रिड म्हणतात. सावकाश चालताना तिचं इंजिन बंदच असतं. जेवताना मी काचांची जाडी, इंजिनाखालचे रबर, बॉनेटच्या आतलं अस्तर यांवर बोलू लागलो, तेव्हा शिरीष म्हणाला, "दादा, तू म्हणशील ती घेऊ. पण आता थांब."

शोरूममधल्या पोराने बॉनेटवर पाण्याचा भरलेला पेला ठेवला आणि गाडी सुरू केली. पाणी हललं नाही. नानांनी बॉनेटवर तळहात ठेवला, कान लावला आणि मला हळूच विचारलं, "बिघडलीय का?"

तर ती गाडी घेऊन मे महिन्यात मी आणि नाना शिंदखेड्याला गेलो. भरीत-पुरीचं जेवण झालं. मग नानांनी विषय काढला. गाडी कशी आहे, आवाज नाही, वास नाही, हादरा नाही. मीही थोडं अस्तराबद्दल बोललो. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडी लहान ऱ्हावो का मोठी, माले लागसच. मी काही येत नही." बापूने समजावलं, सुनेने समजावलं. नाना शेवटी म्हणाले, "मी पुन्हा येईन की नाही, सांगता येत नाही." अक्का उठून आत गेली.

आता निरोपाची आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. पाहुणे उठतात, दारात अर्धा तास बोलतात, गाडीत बसतात आणि मग काचेतून खरं बोलणं सुरू होतं. ते थांबवायचं काम इंजिनाचं. जीप घरघरली की कुणाला काही ऐकू येत नाही, धूर नाकात जातो, माणसं मागे सरतात, हात हलवतात. शिवाय त्या आवाजाने गाडीत बसलेली पोरंबाळंही उड्या मारून उतरतात. इंजिन म्हणजे निरोपाची घंटाच. मी तीन महिने वाचून जी गाडी निवडली, तिला ही घंटा नव्हती.

नानांना गारवा मिळावा म्हणून मी गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. ती सुरू आहे हे मला ठाऊक होतं. इतर कुणाला असायचं कारण नव्हतं. दारात बोलणं रंगलं. अक्का दिसेना, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. भाऊ निघाला की ती रडू दिसू नये म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसते, हे सगळ्यांना माहीत होतं. नानांनीही आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि ते पुढे येऊन बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं, चल." हे ते नेहमी म्हणत. गाडी सरकली. बापू काचेत हात ठेवून कांद्याच्या भावाबद्दल बोलत होता, तो चार पावलं सोबत चालला तेव्हा त्याला कळलं.

नरडाण्यापर्यंत नाना काचेबाहेरच बघत होते. हायवेला लागल्यावर मागून आवाज यायला लागला. बारीक, एका लयीतला. घुर्र, थांबून पुन्हा घुर्र.

मी एसी कमी केला. कान दिला. नानांना समजावून सांगितलं की आता वेग वाढल्यामुळे गाडी बॅटरीवरून पेट्रोलवर आली असणार आणि इंजिनाचं कंपन मागच्या भागात उतरत असणार. मग लक्षात आलं की वेग कमी केला तरी आवाज तेवढाच आहे. म्हणून मी तो मागच्या चाकाच्या बेअरिंगवर नेला. नानांचा चेहरा मात्र पहिल्यांदाच खुलला. म्हणाले, "असू दे. आता कुठे गाडीत बसल्यासारखं वाटतंय."

सोनगीरजवळ बापूचा फोन आला. "दादा, अक्का कुठंच नाही. शेजारीपाजारी पाहिलं. विहिरीतसुद्धा डोकावून आलो."

मी गाडी कडेला घेतली. गाडी थांबली. घुर्र थांबलं नाही.

मधल्या सीटवर, नानांच्या पाठीमागे, बिबड्यांचं गाठोडं उशाला घेऊन अक्का झोपली होती. ज्वारीचे ते पापड नानांना आवडतात, म्हणून गाठोडं ठेवायला ती गाडीत शिरली होती. आत गार होतं. भावाची गाडी आहे, बंद आहे, तर घटकाभर बसून बघू, असं तिला वाटलं. सीट आमच्या घरातल्या दिवाणाएवढी. बाकी, गाडी सुरू असल्याचं तिला कळलंच नाही, त्या निवडीची जबाबदारी माझी.

मी बापूला सांगितलं. पलीकडे तो विहिरीकडच्या लोकांना हाका मारू लागला. अक्का जागी झाली, काचेबाहेर पाहिलं.

"घर कोठे गये?"

"सोनगीर उनं, अक्का," नाना म्हणाले. घराबाहेर ते कधी अहिराणी बोलत नसत.

तिने लगेच पदर तोंडाला लावला. "गाडी चालू शे का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी काट्यांकडे पाहिलं. इंजिन बंद होतं आणि गाडी चालू होती. तीन महिन्यांच्या वाचनात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"नही," नाना म्हणाले. "बंद शे."

"मग माले मळमळी का राहिनं?"

नाना हसायला लागले. कमरेला हात लावून हसत राहिले. ऑपरेशननंतर ते असे हसलेले मी पाहिले नव्हते. अक्का आधी रागावली, मग तिने पदर काढला. म्हणाली, एवढं आलो तर चला.

ती आमच्याकडे पावसाळाभर राहिली. दोघं गच्चीवर बसून बिबड्या खात आणि अहिराणीत भांडत. दिवाळीआधी ती परत गेली, पुढच्या सीटवर, पूर्ण जागी. त्यानंतरच्या थंडीत नाना गेले.

दिवस झाल्यावर अक्काला शिंदखेड्याला मीच सोडलं. निघताना सगळे दारात आले, बोलणं झालं, मी गाडीत बसलो. त्यांनी हात हलवले. मीही हलवला. पुन्हा हलवला. बापूची बायको हात दुखून आत गेली. शेजारची सीट रिकामी होती आणि "हं, चल" कुणी म्हणत नव्हतं, म्हणून मी तसाच बसलो होतो.

अक्का ओट्यावरून खाली आली, काचेवर टकटक केली. तिचे डोळे भरलेले होते. यावेळी ती आत जाऊन बसली नव्हती.

"तुले कोन पयाडी लई जाई रे? बटन दाब."

मला कोण पळवून नेणार, हे खरंच होतं. मी बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही. म्हणून पुन्हा दाबलं, आणि गाडी बंद केली.