बाबांच्या पोटातली लघवीची नळी

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं बाबांचा जबडा नेला आणि जेवणासाठी पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागली. ती एका सकाळी कूस बदलताना निघाली. अमरावती तासाभरावर. पण माझा थोरला भाऊ साध्या वाटेनं कधी जात नाही. संत्र्याच्या बागेत ठिबकची नळी फुटली की हा सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळतो आणि गावभर स्वतःची तारीफ करत फिरतो. इथंही तेच. गावच्या डॉक्टरनं भोकात लघवीची नळी सरकवली, आतला फुगा पाण्यानं फुगवला आणि बजावलं, दोन दिवसांत अमरावतीहून खरी नळी बसवून आणा. डॉक्टरची पाठ वळताच हे महाशय ते विसरले.

आठव्या दिवशी वहिनीचा फोन आला, बाबा सगळं ओकताहेत. मी अकोल्याला नर्स आहे. ड्यूटी बदलून निघाले. बाबा खाटेवर निम्मे झाले होते. वीतभर लोंबायला हवी ती नळी जेमतेम चार बोटं बाहेर दिसत होती.

"बाकीची कुठं गेली?"

"आत बसली ना. लोंबून राहिली होती, बरंच झालं."

"मंग बाबा काहून ओकून राहिले?"

"चोकअप झालं असन. मी प्रेशर मारून राहिलो ना!"

ठिबकची लाइन साफ करावी तसं हा दीडशहाणा सिरिंजनं बापाच्या पोटात जोरानं पाणी मारत होता. बाबा दर वेळी त्याचं मनगट धरायचे. याला वाटायचं, म्हातारा हट्ट करतोय.

मी तशीच गाडी काढायला लावली. अमरावतीच्या डॉक्टरांनी फुग्यातलं पाणी काढून नळी ओढली. खऱ्या नळीसारखी बाहेर अडवणारी चकती नसल्यानं ती आत सरकत गेली होती आणि फुगा आतड्याच्या तोंडाशी बुचासारखा बसला होता. नवी नळी बसली. दुसऱ्या दिवशी वाटीभर वरणाचं पाणी पोटात राहिलं, तेव्हा मला रडू आलं.

डॉक्टरांनी भावाला झाडलं. मीही तोंडसुख घेतलं. गाढव म्हटलं, बाप मारायला निघाला होतास म्हटलं. मग त्यानं मोबाइल काढून डॉक्टरांपुढं धरला.

"हिले पहिल्याच दिवशी फोटो टाकला होता, साहेब. म्हटलं हे नर्स हाय, पाहून सांगन."

फोटोत बाबांचं पोट होतं. मी रोज वॉर्डात घालते तीच नळी त्यातून लोंबत होती, आणि खाली मी पाठवलेला अंगठा होता. बाबा माझ्याकडंच पाहत होते.