तय्यबचा भोंगा

शिरपूरच्या तय्यबने सगळी पंचक्रोशी नाचवली, पण स्वतः कधी पाय उचलला नाही. वरातीत बैलबंडीवर तबकडीचं मशीन, ट्रकची जुनी बॅटरी अन् दोन भोंगे मांडून तो नवरदेवापेक्षाही ऐटीत बसायचा. बॅटरी म्हातारी होती. तिच्यावर गाणं रडत रडत निघायचं, म्हणून तय्यब मशीनचा खटका मुद्दाम जास्त वेगावर ठेवायचा. मग गाणं कसंबसं चालीवर यायचं. हे गुपित फक्त त्याला अन् त्याच्या बायकोला, अन्वरीला ठाऊक होतं.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात गावातल्या मातब्बर ग्यानबाच्या पोराचं लग्न निघालं. त्याच दिवशी केनवडची एक वरात बँड घेऊन शिरपुरात येणार होती. दोन वराती चौकात समोरासमोर आल्या की कोणी कोणाला वाट द्यायची नाही, नाचायचं. ज्यांची पोरं आधी दमतील त्यांनी मागं सरायचं, असा तिथला रिवाज. ग्यानबाने तय्यबच्या अंगणात येऊन बजावलं, "आपन मांगं सरलो, तर पुढच्या लग्नाले मी बी बँडच लावतो. तुहा भोंगा मंग वावरात पाखरं हाकलाले ठेव."

तय्यब वरवर हसला. ग्यानबाने बँड लावला की मागोमाग सगळं गाव लावणार, हे तो ओळखून होता.

लग्नाच्या दिवशी ऊन कलताना चौकात गाठ पडली. केनवडच्या क्लॅरनेटवाल्याने असा सूर काढला की शिरपूरची निम्मी पोरं त्याच्याच तालावर खांदे उडवू लागली. ग्यानबाने डोळे वटारले. तय्यबने सवयीप्रमाणे खटका पुढे सारला अन् सुई टेकवली.

गाणं बुजलेल्या बैलासारखं सुटलं. गाणारी बाई चिवचिवू लागली, ढोलकीचे ठोके मोजता येईनात. तय्यबचं धाबं दणाणलं. खटका मागं घ्यायला त्याने हात घातला, पाहतो तर शिरपूरची पोरं विंचू चावल्यासारखी उडत होती. त्याने गुपचूप हात काढून घेतला अन् मिशीवर फिरवला.

बँडवाल्यांनीही चाल वाढवली, पण तबकडीला दम लागत नाही, माणसाला लागतो. क्लॅरनेटवाला शेवटी पानठेल्याच्या फळीवर जाऊन बसला अन् त्याने पाणी मागितलं. केनवडची पोरं धापा टाकत मागं सरली. ग्यानबाने तय्यबला मिठीच मारली. "कसं केलं गा हे?"

"हुनर लागते," तय्यब म्हणाला.

घरी येऊन त्याने अन्वरीलाही तेच ऐकवलं, अंमळ जास्तच तिखटमीठ लावून. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हुनर नाही, बॅटरी," ती म्हणाली. "तुमी सुया आणाले वाशीमले गेले होते, तवा भावाच्या हातानं रिसोडले धाडून चार्ज करून आणली म्या. ग्यानबाचं बोलणं आयकलं होतं."

तय्यबचा चेहरा पार उतरला. "गावात सांगू नको."

"नाही सांगत. पन ते तबकडी लावा, अन् माह्यासंगं नाचा."

त्याने दार लावलं, खिडकी लावली, दोनदा तपासली. मग आयुष्यात पहिल्यांदा पाय उचलला. गाणं अर्धंही झालं नव्हतं, तोच तो भिंतीला टेकला. अन्वरी कमरेवर हात ठेवून समोर उभी होती, नुसता नाकावर घाम.

"दमले?" ती म्हणाली. "मंग सरा मांगं."